वर न जाणारी नजर

"डॉक्टर, हल्ली हा मान मागे टाकून फळ्याकडे बघतो," एखादी आई सांगते. हे वाक्य मी कधी घाईत सोडून देत नाही. घरात ते 'सवय लागली असेल' म्हणून उडवून लावलेलं असतं. पण रोज समोर बसवून भरवणाऱ्या माणसाला जे खटकतं, ते पुष्कळदा खरं निघतं.

मी बोट वर नेते. मुलाचे डोळे मध्यापर्यंत येतात आणि तिथेच अडतात. भुवया चढतात, कपाळाला आठ्या पडतात, बुबुळं मात्र वर सरकत नाहीत. मग पट्ट्यापट्ट्यांचा ड्रम वरून खाली फिरवते. एकेक पट्टा खाली गेला की डोळ्यांनी झटक्यासरशी वर येऊन पुढचा पकडायला हवा. इथे दोन्ही डोळे नाकाकडे ओढले जातात, खोबणीत किंचित आत जातात. टॉर्चच्या उजेडाला बाहुल्या जेमतेम आकसतात. जवळ धरलेल्या पेन्सिलीकडे बघताना मात्र छान आकसतात.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मज्जातंतुतज्ज्ञ शार्को यांच्यासोबत काम करणाऱ्या आंरी पारिनो यांनी १८८३ मध्ये नजरेच्या या लकव्याचं वर्णन केलं, तेव्हा क्ष-किरणांचा शोधही बारा वर्षं दूर होता. निव्वळ डोळ्यांची चाल न्याहाळून त्यांनी मेंदूतल्या खोलवरच्या जागेचा माग काढला. त्या चिकाटीपुढे मी आजही हात जोडते.

मस्तिष्कस्तंभ ही फार दाटीची वस्ती. श्वास, गिळणं, तोल, नजर, साऱ्यांच्या वाटा एकमेकींना खेटून. पिनिअल ग्रंथीची गाठ वाढली की मध्यमेंदूच्या, म्हणजे मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागाच्या, पाठीवर रेलते, आणि नजर वर उचलणारे तंतू नेमके तिथेच असतात. मेंदूतल्या पाण्याची अरुंद वाटही तिथलीच. ती दबली की पाणी तुंबतं, डोकं दुखतं, सकाळच्या उलट्या सुरू होतात.

मुलांच्या तिरळेपणामागे बहुतेकदा गाठ नसते, आयांनी धास्ती घेऊ नये. पण अचानक आलेला तिरळेपणा तपासायलाच हवा. मस्तिष्कस्तंभाच्या मधल्या भागात, पाँसमध्ये, पसरणारी गाठ डोळा बाहेर वळू देत नाही. तिच्यापुढे वैद्यक अजून हरतं, आणि ते आईबापांना सांगताना माझी जीभ जड होते. पिनिअलजवळची जर्मिनोमा नावाची गाठ मात्र किरणोपचारांना उत्तम दाद देते. म्हणून अशी नजर दिसली की एमआरआय त्याच दिवशी व्हावा यासाठी मी स्वतः फोन लावते.