गॉयडरच्या रेघेपाशी

ब्रोकन हिल हे गाव न्यू साउथ वेल्सचं, पण तिथली घड्याळं शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियाच्या वेळेवर चालतात. खाणीतलं शिसं, चांदी, जस्त पूर्वापार रेल्वेने पोर्ट पिरीला जायचं, गावाची सगळी उठबस अ‍ॅडलेडशी, मग सिडनीची वेळ पाळून करायचं काय? त्यामुळे बर्ड्सव्हिलकडून टिबूबरामार्गे खाली ब्रोकन हिलला पोचलो तेव्हा आमची घड्याळं अ‍ॅडलेडच्या घरी पोचलीच होती. माणसं पोचायची राहिली होती.

उरला होता तो बॅरियर हायवे. अ‍ॅडलेडपर्यंत पाचशे किलोमीटरहून थोडा जास्त आणि सगळा डांबरी. बर्ड्सव्हिलच्या कच्च्या वाटांवर हाडं खिळखिळी करून घेतल्यावर हे अंतर किरकोळ वाटतं, आणि शेवटच्या दिवशी लोक गाडी दामटतात ती म्हणूनच. आम्हाला ते करायचं नव्हतं. जुलैत इथे साडेपाचच्या आत सूर्य मावळतो आणि पहाटे नि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात. म्हणून भल्या पहाटे नाही, चांगलं उजाडल्यावर निघालो. काचेवर बर्फाचा पापुद्रा धरला होता, तो बायकोने जुन्या एटीएम कार्डाने खरवडून काढला. दारांच्या रबरात, थर्मासच्या झाकणात, पांघरुणांच्या घड्यांत, जिकडेतिकडे लाल धूळ.

गाडीत तिसरे होते मामा. आटपाडीचे डाळिंबवाले. अ‍ॅडलेडला आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं होतं, "समुद्रबिमुद्र ऱ्हाऊ दे. हितला दुष्काळी मुलूख दाव." माणदेशातला माणूस दुसरं काय मागणार! कानटोपी, शाल आणि पुढची सीट, असा त्यांचा मुक्काम सगळा प्रवासभर होता.

कॉकबर्नला राज्याची हद्द ओलांडली. दोन्ही अंगांना गुडघाभर उंचीची करडी-रुपेरी झुडपं, सॉल्टबुश आणि ब्लूबुश, क्षितिजापर्यंत. रूळ रस्त्याच्या सोबतीने धावतात. समोरून येणारा ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतो, ही इकडची रीत. मामा प्रत्येकाला दोन्ही हात जोडत होते. मेलेल्या कांगारूवर मोठे गरुड बसलेले असतात, पंख पसरले तर दोन मीटरहून जास्त भरतील असे. पोट भरलेला गरुड चटकन उडत नाही, तो थेट काचेवर यायचा. लांबूनच वेग उतरवावा लागतो.

यंटाला डिझेल भरलं. घरून आणलेल्या डब्यांत आता शेंगदाण्याची चटणी तेवढी तळाशी होती. ती ब्रेडला लावून बाकावर बसून खाल्ली. माश्यांना थंडी वाजत होती, त्यामुळे निवांत खाता आलं.

पुढे ऊडला विरा. इथे साउथ ऑस्ट्रेलियात शिरणाऱ्या गाड्या फळमाशीसाठी थांबवतात. पूर्वेकडून येणाऱ्या फळांतून ही माशी शिरली तर मरी नदीकाठच्या संत्र्यांच्या, द्राक्षांच्या बागांचं काही खरं नाही. त्यामुळे फळं तर नाहीतच, पण टोमॅटो आणि मिरच्याही नेता येत नाहीत. तपासणीच्या बाईंनी आमची बर्फपेटी उघडली, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हिरव्या मिरच्या उलगडून पाहिल्या आणि पिशवीत टाकल्या. बायकोचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तेवढ्यात मामांनी शालीआडून, कुणी न विचारता, दोन लिंबं काढून दिली. गाडी हलल्यावर बराच वेळ गप्प होते. मग डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या आठवणीने म्हणाले, "तेल्याला असं कुणी तालुक्याच्या शिवंवर आडवलं आसतं तर माजी पयली बाग ऱ्हायली आसती."

या दिवसात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते मात्र टेरोवीच्या आसपासचं. तिथे हायवेलगत गॉयडरच्या रेघेचं स्मारक आहे. 1865 मध्ये, मोठ्या दुष्काळात, वसाहतीचा सर्व्हेअर-जनरल जॉर्ज गॉयडर घोड्यावरून हा मुलूख फिरला आणि नकाशावर त्याने एक रेघ मारली. रेघेच्या दक्षिणेला पेरा, उत्तरेला मेंढरंच राखा. त्याच्याकडे पुरेशा वर्षांच्या पावसाच्या नोंदी नव्हत्या. त्याने झाडं पाहिली. मॅली ही बुटक्या निलगिरीची झाडं कुठे संपतात आणि सॉल्टबुश कुठे सुरू होतं, ती त्याची हद्द. पुढे काही वर्षं पाऊस बरा झाला, लोक गॉयडरला हसले, सरकारनेही रेघेपलीकडे जमिनी खुल्या केल्या. नांगर गेला की मागोमाग पाऊस येतो, असं तेव्हा खुशाल बोललं जायचं. 1880 नंतर कोरडी वर्षं आली आणि घरं ओस पडली. बिनछपराच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत. शेजारी एखादी पडकी चूल, बस्स.

हे सगळं मी मामांना सांगितलं. ते खाली उतरले, एकदा मागे पाहिलं, एकदा पुढे. मूठभर माती चिमटीत चोळून पाहिली. "पाऊस येकांद्या साली फशिवतो," म्हणाले, "झाड न्हाई फशिवत. ह्यो गडी शाना हुता." गॉयडर लिव्हरपूलचा, शहरगावात जन्मलेला, हे त्यांना पटेना.

टेरोवी गाव स्वतः आता निम्मं झोपलेलं. एके काळी इथे रुळांची रुंदी बदलायची, म्हणून गाडीही बदलावी लागे. फिलिपिन्समधून निघालेला जनरल मॅकआर्थर मार्च 1942 मध्ये याच फलाटावर 'मी परत येईन' म्हणाला होता.

तिथून पुढे हिरवं सुरू झालं. आधी पट्ट्यापट्ट्यांनी, मग हॅलेटनंतर डोंगरउतार भरून, नुकता उगवलेला गहू. बराला तांब्याच्या जुन्या खाणी आणि ओढ्याच्या काठात खोदलेल्या खाणकामगारांच्या खोल्या आहेत. त्यासाठी वेगळा दिवस काढून यायला हवं, आम्ही चहावर भागवलं. गॉलरनंतर सिग्नल, मॉल, रांगा. तिथलं काही सांगण्याजोगं नाही.

दिवेलागणीच्या आत घरी पोचलो. या वाटेने कुणी येणार असाल तर टाकी यंटाला भरा, लिंबं-मिरच्या ब्रोकन हिललाच संपवा. आणि घरची ओढ कितीही असो, टेरोवीच्या स्मारकापाशी गाडी थांबवून एकदा मागे आणि एकदा पुढे बघा.