उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी



माळेगाव, भवानीनगरचे गाळप संपले की ऊस वाहणारा ट्रॅक्टर छपरात उभा राहतो. पण उभी बॅटरीही आतून उतरतच असते, उन्हाळ्यात तर अधिकच.

काही वर्षांपूर्वी इंदापूरकडे थोरल्या बंधूंच्या रानात हस्ताचा पाऊस झाला, वाफसा आला आणि चार महिने उभा असलेला ट्रॅक्टर चालू होईना. नवी बॅटरी येईपर्यंत वरची ओल उडाली, शाळू विरळ उगवला. वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, गावाला सांगता, मग घरी का नाही सांगितलं?" मजजवळ उत्तर नव्हते.

म्हणून तुम्हांला सांगतो. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर कठीण होतो. मग ती पुरती चार्ज होत नाही. ठेवण्यापूर्वी पूर्ण चार्ज करा. ऋण तार आधी काढा, जोडताना शेवटी जोडा. महिन्याला व्होल्ट मोजा : १२.६ असावेत, १२.४ च्या खाली गेले की चार्ज करा. पातळी उतरली तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, ॲसिड नको. चार्जिंगजवळ बिडी पेटवू नका. निघणारा हायड्रोजन भडकतो.

काम नसले तरी बैलाला आपण वैरण घालतोच ना?