गोधडीची ऊब कुठून येते

गोधडीविषयी मराठीत जे लिहिलं-बोललं जातं, त्यात आजी, आईचं लुगडं, माया आणि ऊब यांची हजेरी ठरलेली असते. यातलं काही खोटं आहे असं मी म्हणणार नाही. माणूस गेल्यावर त्याच्या कपड्याची गोधडी अंगावर घेताना जे वाटतं ते वाटतंच. पण ऊब मायेतून येते असं एकदा ठरवून टाकलं की ती कशी येते हे विचारायची गरज उरत नाही. मग शिवणाऱ्या बाईने कोणतं कापड घेतलं, कोणतं बाजूला टाकलं, थर कसे फिरवले, टाका कुठे सैल सोडला, हे सगळं ‘प्रेमाने शिवलं’ या दोन शब्दांत गुंडाळलं जातं. प्रेमाने शिवलेली पण वाईट गोधडी असू शकते. पहिल्याच धुण्यात तिच्या आतल्या चिंध्यांचे बोळे होतात. म्हणून माझं म्हणणं असं आहे की गोधडी ही आधी हिशेबाची वस्तू आहे. तो हिशेब दिसला तरच तिची कदर होईल, आणि ती पुढच्या हातांत जाईल.

सुरुवात उबेपासूनच करू. कापड स्वतः उष्णता तयार करत नाही. ते अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, इतकंच. हे काम खरं तर कापडाच्या थरांमध्ये अडकून राहिलेली हवा करते, कारण न हलणारी हवा उष्णता फारशी वाहून नेत नाही. एक जाड जाजम आणि त्याच वजनाचे पाच-सहा पातळ थर यांत पातळ थर अधिक ऊब देतात ते यामुळे. टाक्यांची ओळ जिथे जाते तिथे थर एकमेकांना चिकटतात आणि दोन ओळींच्या मध्ये किंचित फुगतात. हवा राहते ती त्या फुगीर पट्ट्यांत. दुसरी बाब कापडाच्या लवचिकतेची. नव्या सुती कापडात खळ असते, त्यामुळे ते अंगावर पडत नाही, उभं राहतं. खांद्यापाशी आणि पायांपाशी फट राहून गार वारा आत शिरतो. वर्षानुवर्षं धुतलेल्या साडीतली खळ गेलेली असते, सूत सैलावलेलं असतं, आटायचं तेवढं कापड आटून झालेलं असतं. ते अंगाच्या वळणाप्रमाणे पडतं आणि फट बुजवतं. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला जुनंच लुगडं शोधतात तेही याच कारणाने.

पण जुनं म्हणजे सरसकट जुनं नव्हे. विरलेलं कापड आणि जीर्ण झालेलं कापड यांतला फरक ओळखणं हे गोधडीतलं पहिलं आणि सगळ्यांत अवघड काम आहे. विरलेलं कापड पातळ असतं, उजेडासमोर धरलं की पलीकडचं दिसतं, पण सूत शाबूत असतं. जीर्ण कापड दिसायला कधी कधी जाडही असतं, आणि दोन अंगठ्यांमध्ये धरून ताणलं की चर्रकन जातं. ही परीक्षा उभ्या धाग्यात एकदा आणि आडव्या धाग्यात एकदा घ्यावी लागते, कारण बरीच कापडं एकाच दिशेने गेलेली असतात. साडी कुठे झिजते हेही ठाऊक असावं लागतं: खालचा काठ जमिनीला घासून, बसण्याची जागा दाबून, निऱ्या पायात येऊन. याउलट कमरेशी खोचलेला भाग आणि पदराचा बराचसा भाग धड राहतो. काठ घट्ट विणीचा, म्हणून तो कडेच्या पट्टीला उत्तम. पण आत घातला तर तिथे गोधडी ताठ होते आणि सुई अडते. फॉल तर आधी उसवूनच ठेवायचा. टाका घालण्याआधीचे हे निर्णय शिवण दाखवणाऱ्या छायाचित्रात कुठेही दिसत नाहीत.

मांडणीतही असाच हिशेब आहे. साडेपाच मीटरची साडी म्हणजे सुमारे अठरा फूट. तिची तिहेरी घडी घातली की सहा फूट लांबीचे तीन थर मिळतात आणि साडीचा पन्हा तीच गोधडीची रुंदी होते. दोन साड्यांत सहा थर झाले. नऊवारी सत्तावीस फुटांची, म्हणजे चार थर होऊन तीन फूट उरतं. ते ठिगळांना आणि कडेला जातं. हे इतकं सोपं वाटतं की कुणीही साडी घडी घालून शिवायला बसेल. पण लांबीत नुसती घडी घातली तर साडीचा झिजलेला खालचा काठ तिन्ही थरांत एकाच बाजूला येतो आणि गोधडीची ती बाजू दोन हिवाळ्यांत फाटते. म्हणून जाणती बाई साडी सहा-सहा फुटांवर कापते आणि मधला थर उलटा फिरवते, म्हणजे एका थराची कमजोर कड दुसऱ्याच्या मजबूत कडेवर येते. आतले थर तुकड्यांचे असतील तर सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, जसं गवंडी विटेच्या जोडावर जोड येऊ देत नाही. वरच्या थरातली रंगीत ठिगळं बघणाऱ्याला नक्षी वाटतात. त्यांतली अनेक खालच्या कमजोर जागेवर बेतूनच लावलेली असतात, आणि रंगांची निवड त्या बेतात बसवून केलेली असते.

आता टाका. धावदोरा हा शिवणातला सगळ्यांत साधा टाका, त्यामुळे गोधडी म्हणजे अडाणी काम असा समज झाला आहे. प्रश्न टाका कोणता हा नसून तो किती अंतरावर, किती ओढून आणि कोणत्या क्रमाने घातला हा आहे. ओळी फार विरळ असतील तर धुताना थर सरकतात. फार दाट असतील तर हवा राहायला जागाच उरत नाही आणि गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. बोटभर अंतर हा अनुभवाने निघालेला मध्य आहे. दोऱ्याचंही तसंच. नायलॉनचा दोरा तुटत नाही म्हणून चांगला, असं वाटतं. पण विरलेल्या कापडात न तुटणारा दोरा कापडालाच कापत जातो. दोरा कापडापेक्षा थोडा कच्चा असावा. तुटलेला दोरा पुन्हा भरता येतो, कापलेलं कापड नाही. म्हणून सुती दोरा, दुहेरी, मेणातून ओढलेला, आणि गाठ थरांच्या आत लपवलेली. जमिनीवर अंथरून, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून, आधी मध्यापासून कडेकडे कच्चे टाके घालायचे, म्हणजे झोल बाहेर निघून जातो. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बाया हेच काम उलट्या दिशेने करतात. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज म्हणून हा समाज ओळखला जातो आणि त्यांतले बरेच जण कोकणी बोलतात. त्यांची कवंदी, म्हणजे गोधडी, एका कोपऱ्यातून सुरू होऊन कडेकडेने फिरत मध्याकडे येते. अशा पद्धतीत झोल मध्यात साचण्याचा धोका असतो, म्हणून प्रत्येक फेरीला कापड हाताने सारखं करत, लागेल तसं ठिगळ लावत पुढे जावं लागतं. दोन्ही पद्धती एकाच अडचणीची वेगवेगळी उत्तरं आहेत, आणि दोन्हींत ती अडचण ओळखलेली आहे.

या सगळ्याची कसोटी धुण्यात लागते. घटस्थापनेआधी घरातल्या सगळ्या गोधड्या आणि वाकळा ओढ्यावर किंवा नदीवर नेऊन धुण्याची गावाकडची रीत केवळ धार्मिक शुद्धीची नाही. पाऊस सरत आलेला असतो, पाण्याला तोटा नसतो, ऊन कडक झालेलं असतं आणि थंडी यायची असते. वर्षात जड अंथरूण-पांघरूण धुवायला याहून सोयीचा काळ नाही. तिथे गोधडी दगडावर आपटली जाते, पायांनी तुडवली जाते, दोघींनी दोन टोकांनी पिळली जाते. कापसाची दुलई हे सोसू शकत नाही. कापूस ओला झाला की गोळा होतो आणि पिंजाऱ्याशिवाय पुन्हा मोकळा होत नाही. गोधडी मात्र उन्हात पडली की संध्याकाळी घडी घालण्याजोगी होते, कारण तिच्या आत कापडच आहे आणि प्रत्येक थर बोटाबोटावर बांधलेला आहे. घरच्या घरी धुता येणं, वाळवता येणं आणि फाटलं तेवढंच भरता येणं या तीन अटी धरूनच ही रचना घडत आलेली आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे गरिबीचं कौतुक चाललं आहे. ब्लँकेट घेणं परवडत नव्हतं म्हणून बायकांनी चिंध्या जोडल्या; त्यात रचना आणि कसोटी कसली शोधता? कारण गरिबीचं होतं हे खरंच आहे, ते नाकारणं खोटेपणाचं होईल. पण एखादं काम कशामुळे सुरू झालं यावरून त्यात किती जाण साठली हे ठरत नाही. हाताशी फक्त झिजलेलं कापड असलेल्या माणसाला कापडाची जी पारख करावी लागते, ती ताग्यातून नवं कापड फाडून घेणाऱ्याला कधीच करावी लागत नाही. गरिबी संपावी, आणि तिच्यामुळे शिकलेली पारख राहावी, या दोन इच्छा एकमेकींच्या आड येत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. आता घरात सुती लुगडी आहेत कुठे? रोजच्या साड्या पॉलिस्टरच्या, अनेकींच्या अंगावर ड्रेस आणि कुर्ते. यात तथ्य आहे, आणि त्याचं उत्तर हळहळण्यात नाही. कापूस हवेतला सात-आठ टक्के ओलावा सामावून घेतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा घेत नाही. म्हणून अंगाला लागणारी बाजू पॉलिस्टरची असली की घाम आणि चिकटपणा जाणवतो. पण आतल्या थराला ही अडचण फारशी नाही. तिथे पॉलिस्टर हलकं पडतं, लवकर वाळतं आणि हवा धरायचं काम करतं. ते निसरडं असल्याने कच्चे टाके दाट घालायचे आणि बाहेरचे दोन थर जुन्या सुती चादरीचे, ओढण्यांचे किंवा धोतराचे लावायचे, एवढा फेरफार पुरतो. मशीनचंही असंच आहे. नव्या, घट्ट कापडावर मशीनची शिवण छान बसते. विरलेल्या कापडावर जवळजवळ पडलेली सुईची भोकं त्या रेषेवर फाटायची सोय करून ठेवतात आणि घट्ट टाका थर दाबून टाकतो. कडेची पट्टी मशीनवर घाला, आतलं अंग हाताने. जुन्या पद्धतीमागचं कारण माहीत असलं की तिच्यात काय बदलायचं आणि काय नाही हे ठरवता येतं. नुसती माया माहीत असेल तर एकतर सगळं जसंच्या तसं धरून बसावं लागतं, नाहीतर सगळंच सोडावं लागतं.

तिसरा आक्षेप मनाला लागणारा आहे: असा हिशेब मांडला की गोधडीतलं घरपण जातं. मला उलट वाटतं. सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद गोधडीवर एकेका इंचावर ओळी घातल्या तर पंचेचाळीस ओळी होतात, म्हणजे दोनशे सत्तर फूट, सुमारे ८२ मीटर शिवण. वरचा-खालचा मिळून एक टाका सेंटिमीटरभर धरला तर ८,२०० टाके. मिनिटाला वीस टाके न थांबता घातले तरी जवळपास सात तास. ओळी अर्ध्या इंचावर घेतल्या तर त्याच्या दुप्पट. यात कापड निवडणं, उसवणं, मांडणं आलेलंच नाही. दारावर येऊन गोधडी शिवून देणाऱ्या बाईशी घासाघीस करताना हे आकडे कुणाच्या डोक्यात नसतात, कारण आपल्या मते ते ‘बायका दुपारी बसून करतात ते’ काम असतं. मायेची भाषा इथे फुकटच्या श्रमावर पांघरूण घालते. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, आणि २००६ साली तिथल्या टपाल खात्याने त्यांवर तिकिटं काढली. त्यांच्याकडे रचना म्हणून, रंग आणि मांडणीचे निर्णय म्हणून पाहिलं गेलं, म्हणून हे झालं. आपल्या गोधडीला संग्रहालयात नेलंच पाहिजे असं नाही. पण तिच्यातल्या निर्णयांना निर्णय म्हणायला हरकत नसावी.

तेव्हा गोधडी शिकवायची असेल तर पहिल्या दिवशी हातात सुई देऊ नये. जुन्या कपड्यांचा ढीग द्यावा आणि तीन वाटे करायला सांगावेत: बाहेरचं, आतलं आणि टाकायचं. ते जमलं की मांडणी, मग कच्चे टाके, आणि धावदोरा सगळ्यांत शेवटी. विकत घ्यायची असेल तर वरची ठिगळं बघून भुलू नये. ती उलटी करावी, टाके पाठीमागेही तितकेच सारखे आहेत का ते बघावं, कोपरा चिमटीत धरून थर मोजावेत, दोन ओळींमध्ये बोट मावतं का ते बघावं, आणि आत काय घातलं आहे ते शिवणारीला विचारावं. जी खरी कारागीर आहे ती या प्रश्नाचं उत्तर अर्धा तास देईल. त्यानंतर तिने सांगितलेला भाव महाग वाटणार नाही.