पिंजऱ्याचं वजन

सिएटलच्या उत्तरेला एव्हरेट, मकिल्टिओ या पट्ट्यात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींत जुलै लागला की डंजनेस खेकड्याशिवाय दुसरा विषय नसतो. पहिला प्रश्नही ठरलेला असतो: आमिष काय लावता? कोंबडीची तंगडी, की सॅमनचं डोकं? मीसुद्धा सुरुवातीला सगळं लक्ष त्यातच घातलं. आज मला कुणी विचारलं तर सांगतो, आमिष ताजं असलं की झालं, खेकडा वासावर येतोच. तो पिंजऱ्यात शिरेल का आणि पिंजरा पुन्हा आपल्या हाती लागेल का, हे वजन, दोर आणि गाठी यांच्यावर ठरतं. या सगळ्यात मी चुकलो, आणि एका चुकीची किंमत मला नाही, खेकड्यांना मोजावी लागली.

मी मूळचा अलिबागजवळचा. लहानपणी खाडीत फग लावून चिंबोऱ्या धरल्या होत्या. जाळ्याच्या मधोमध आमिष बांधायचं, फग पाण्यात सोडायचा, थोड्या वेळाने झटकन वर ओढायचा. पाणी फार तर पुरुषभर, आणि आपण तिथेच हजर. उधाण-भांग मला कुणी शिकवायची गरज नाही, अशा समजुतीत मी प्युजेट साउंडमध्ये उतरलो. इथे मात्र पिंजरा साठ-ऐंशी फूट खोल सोडायचा आणि काही तास निघून जायचं. मागे काय चाललंय ते दिसत नाही.

माझा पहिला पिंजरा घडीचा होता, तारेच्या जाळीचा, पाच-सहा पाउंडांचा. गाडीच्या डिकीत मावतो म्हणून घेतला. प्रवाह सुरू झाला की बोया आणि दोर दोन्ही ओढ खातात, आणि इतका हलका पिंजरा एका कोपऱ्यावर उचलला जाऊन तळावर घसरत राहतो. हलत्या पिंजऱ्यात खेकडा शिरत नाही. पिंजरा रिकामाच येतोय म्हटल्यावर मी किनाऱ्यावरचा एक मोठा गोटा आत बांधला. दगड पाण्यात आपलं एक तृतीयांशाहून जास्त वजन गमावतो, लोखंड जेमतेम आठवा हिस्सा. म्हणजे काट्यावर दहा पाउंड भरलेला माझा गोटा तळावर सहाचाच होता. शिवाय तो एका कडेला बांधलेला, त्यामुळे पिंजरा तिरका उतरायचा: एका बाजूचं दार चिखलात, समोरचं अधांतरी. वर आल्यावर जाळीच्या एकाच बाजूला चिखल लागलेला असायचा. ती खूण माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी मात्र आमिष बदलत बसलो होतो.

शेवटी बांधकामाच्या अर्ध्या इंची सळीचे तुकडे आणले आणि खालच्या चारही कडांना सारखे बांधले. एकूण वजन पंधरा पाउंडांच्या आसपास गेलं. दोर जाळीला कुठेतरी अडकवायच्याऐवजी चार कोपऱ्यांतून चार फाटे काढून मधोमध एका कडीत आणले. पिंजरा सपाट बसायला लागला, खेकडे यायला लागले, आणि मला वाटलं, जमलं.

दोराकडे मी अजून पाहिलंच नव्हतं. पिवळा प्लास्टिकचा दोर स्वस्त मिळतो, पण तो तरंगतो. पाणी थबकलं की जास्तीचा दोर पृष्ठभागावर पसरतो आणि येणाऱ्या बोटीच्या पंख्यात जातो. वॉशिंग्टन राज्याचा नियम स्पष्ट आहे: हौशी माणसाचा बोया अर्धा लाल, अर्धा पांढरा, त्यावर नाव-पत्ता, आणि दोर पाण्यावर तरंगता कामा नये. उपाय सोपा होता, बुडणारा दोर घ्यायचा किंवा बोयापासून काही फूट खाली शिशाचं वजन लावायचं. मी भलतंच केलं. दोर कापून पाण्याच्या खोलीइतकाच ठेवला.

खोली मोजली ती ओहोटीला. इथे दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक फार खाली जाते, दुसरी थोडीच. खोल ओहोटीपासून भरतीपर्यंत पाणी अकरा-बारा फूट चढतं. त्यात आम्ही पिंजरा टाकला व्हिडबी बेटाच्या दक्षिण टोकाशी, जिथे तळ भराभर उतरत जातो. दुपारी परत आलो तर पाणी मोकळं.

"भावोजी, बोया इथेच होता ना?" मेहुण्याने विचारलं.

"इथेच. फोनवर खूण केलीय."

पाणी चढलं तसा आखूड दोर ताणला, बोयाने पिंजऱ्याचं वजन हलकं केलं, प्रवाहाने त्याला उतारावरून खोलात नेलं आणि बोया पाण्याखाली गेला. पाणी थबकेपर्यंत थांबलो, वर आला नाही. सूर्यास्तानंतर एका तासाने पिंजरे ओढायला बंदी आहे, म्हणून निघावं लागलं.

वाटेत मला पिंजऱ्याचं झाकण आठवलं. नियमाप्रमाणे ते साध्या, प्रक्रिया न केलेल्या सुती दोरीने बांधायचं असतं, जाडी एक अष्टमांश इंचाहून जास्त नको. पिंजरा हरवला तर ती दोरी कुजते, झाकण सुटतं आणि खेकडे बाहेर पडतात. मला ती दोरी कच्ची वाटली होती. भरलेला पिंजरा ओढताना तुटली तर? म्हणून तिच्या जागी मी प्लास्टिकची पट्टी आवळली होती. नियम मला ठाऊक होता. हातातले खेकडे जाऊ नयेत म्हणून मी तो मोडला.

असा पिंजरा तळाशी मासेमारी करतच राहतो. आतला खेकडा मरतो, त्याच्या वासावर दुसरा शिरतो, तोही अडकतो. हरवलेली जाळी आणि पिंजरे काढण्याचं काम करणाऱ्या नॉर्थवेस्ट स्ट्रेट्स फाउंडेशनचा अंदाज आहे की प्युजेट साउंड परिसरात वर्षाला सुमारे १२,००० पिंजरे हरवतात आणि त्यांत दीड लाखाहून अधिक खेकडे मरतात. ही माहिती मी आधीही वाचली होती. तेव्हा ती दुसऱ्यांच्या पिंजऱ्यांबद्दल आहे असं वाटलं होतं.

काही आठवड्यांनी, पाणी शांत असताना, आम्ही दोराला छोटा नांगर बांधून त्या उतारावर आडवा ओढत फिरलो. बराच वेळ नुसतं शेवाळ. मग नांगराला ओढ लागली, आधी बोया आला, हिरवा पडलेला, आणि मागून पिंजरा. पट्टी कालच आवळल्यासारखी घट्ट. आत रिकामी कवचं, सांध्यात तुटलेल्या नांग्या, अर्धवट खाल्लेला एक नर. बाकीचे जिवंत होते, हातात घेतले तर पोकळ लागावेत इतके हलके. त्यांत पोटाखालची रुंद झडप असलेली एक मोठी मादी होती. मादी इथे ठेवायचीच नसते. बारके खेकडे जाळीत त्यांच्या सुटकेसाठी ठेवलेल्या सव्वाचार इंची कड्यांतून निघून गेले असतील, मोठ्यांना वाट नव्हती.

"आधी ती पट्टी कापा, भावोजी," मेहुणा म्हणाला. मी कापली. एकेक खेकडा पाण्यात सोडला.

आता माझा दोर बुडणारा आहे, आणि भरतीच्या खोलीपेक्षा एक तृतीयांश जास्त लांब. सुती दोरी हंगामाच्या सुरुवातीला बदलतो, मध्येच तिचे तंतू सुटायला लागले तर पुन्हा. ओढताना ती एकदाही तुटलेली नाही, आणि तुटायचं कारणही नाही: ओढ येते ती चार फाट्यांवर आणि चौकटीवर, झाकणाच्या दोरीवर नव्हे. पिंजरा हातात घेऊन दोन मिनिटं पाहिलं असतं तर हे मला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

गेल्या हंगामात ओळखीचं एक कुटुंब पहिल्यांदाच निघालं होतं. त्यांनी आपला नवा पिंजरा दाखवायला आणला. झाकणावर प्लास्टिकची पट्टी होती. मी त्यांच्यासमोर ती कापली, सुती दोरी बांधून दाखवली, सोडवली आणि त्यांच्याकडून पुन्हा बांधून घेतली. मग त्यांनी आमिषाचं विचारलं.