त्येंचं बाप्ये कुठं गेलं हुतं?

माझी आजी आता नव्वदीला टेकली आहे. सकाळी काय जेवली ते तिला संध्याकाळी आठवत नाही, पण ‘पोलंडवाल्यांचा क्याम्प’ मात्र लख्ख आठवतो. आमचं गाव वळिवड्यापासून दोन कोसांवर. १९४३ ते १९४८ या वर्षांत वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांच्या शाळा, त्यांचं चर्च, त्यांची नाटकं, सगळं काही तिथे होतं. ती माणसं गेल्यावर त्याच बराकींतून सिंधी निर्वासित आले आणि त्या वस्तीचं गांधीनगर झालं. आज आम्ही तिथे दिवाळीचं कापड आणायला जातो. आजीचे वडील त्या छावणीत दुधाचा रतीब घालत आणि सात-आठ वर्षांची आजी कधीमधी त्यांच्या मागून जाई.

तिच्या गोष्टी ठरलेल्या. सोनेरी केसांच्या पोरी, बटाट्याचा वास, रविवारी ऐकू येणारं गाणं. आणि गोष्ट कुठलीही असो, शेवटी एकच प्रश्न यायचा. “समद्या बायका आन् पोरं. न्हाईतर म्हातारी माणसं. त्येंचं बाप्ये कुठं गेलं हुतं गं?”

लहानपणी मी म्हणायचे, “लढाईला गेले असतील, आजी.” तिला ते पटत नसे. “लढाईवरची माणसं पत्र धाडत्यात,” ती म्हणे. एका बाईच्या खोलीत फळीवर फौजी वेषातल्या माणसाचा फोटो होता. बाई त्याच्यापुढे मेणबत्ती लावायची. “आता जित्त्या माणसापुढं दिवा लावत्यात का? आन् मेलाय म्हणावं, तर ती पोस्टमनची वाट बघायची.” आजीचा हा पेच ऐंशी वर्षं सुटला नव्हता.

दुसऱ्या वर्षाला आल्यावर दुसरं महायुद्ध शिकायला मिळालं. तासाला मी हा प्रश्न सरांना विचारला. मुलं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, ‘कातिन’, आणि म्हणाले, “ग्रंथालयात जा आणि स्वतः शोध.”

पुढे जे कळलं ते एकदम कळलं नाही. तुकड्या-तुकड्यांनी कळलं, ते असं.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा शिरल्या. हजारो पोलिश अधिकारी, पोलीस, आणि गणवेश घातलेले डॉक्टर, शिक्षक, वकील सोव्हिएतांच्या हाती लागले. कोझेल्स्क, स्तारोबेल्स्क आणि ओस्ताश्कोव या तीन छावण्यांत त्यांना ठेवण्यात आलं. हिवाळाभर घरी त्यांची पत्रं येत होती. १९४० च्या वसंतात ती थांबली. त्याच एप्रिलच्या १३ तारखेला त्यांच्या बायकामुलांना मालगाड्यांत कोंबून कझाकस्तानात नेऊन टाकलं. कैद्यांच्या कुटुंबीयांच्या याद्या आधीच करून घेतलेल्या होत्या!

१९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला आणि पोलिश लोक एकाएकी मित्र झाले. त्यांना मोकळं करून जनरल आंदेर्सच्या हाताखाली सैन्य उभं करायचं ठरलं. पण सैन्याला अधिकारी सापडेनात. डिसेंबरमध्ये पोलिश पंतप्रधान सिकोर्स्की यांनी खुद्द स्टालिनला विचारलं, तेव्हा तो म्हणाला की पळाले असतील, कदाचित मांचुरियात. पुढे हे सैन्य इराणमध्ये उतरलं. त्याच्याबरोबर बाहेर पडलेल्या बायकामुलांपैकी काही जहाजाने हिंदुस्थानात आली आणि वळिवड्याला पोहोचली. तेव्हा माझं लहानपणीचं उत्तर अगदीच चूक नव्हतं. काही बाप्ये खरोखरच आंदेर्सच्या सैन्यात होते, काही सैबेरियाकडच्या श्रमछावण्यांत मेले होते. आणि काही…

एप्रिल १९४३ मध्ये जर्मनांनी जाहीर केलं की स्मोलेन्स्कजवळ कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामुदायिक कबर सापडली आहे. म्हणजे वळिवड्याची छावणी वसत होती त्याच सुमाराला. मॉस्कोने ताबडतोब आरोप जर्मनांवर उलटवला. जर्मन खोटं बोलण्यात पटाईत होते, त्यामुळे जगाला ते सोयीचंही गेलं. त्यातही, तिथे उकरलेली चार हजारांवर प्रेतं फक्त कोझेल्स्क छावणीतल्या माणसांची होती. उरलेल्या दोन छावण्यांतल्या माणसांचं काय झालं हे त्यांच्या बायकांना कुणीच सांगितलं नाही. आजीची ती मेणबत्ती मला इथे कळली. त्या बाईलाही माहीत नव्हतं, म्हणून ती मेणबत्तीही लावी आणि पोस्टमनचीही वाट पाही.

उत्तर मात्र कागदावर होतं. मॉस्कोत ‘पाकीट क्रमांक १’ या नावाने मोहोरबंद करून ठेवलेलं. ते डिसेंबर १९९१ मध्ये गोर्बाचेव्ह यांच्याकडून येल्त्सिन यांच्याकडे गेलं आणि १४ ऑक्टोबर १९९२ रोजी येल्त्सिन यांच्या दूताने त्यातल्या कागदांच्या प्रती वॉर्सात राष्ट्राध्यक्ष वावेन्सा यांच्या हाती दिल्या. त्याच वर्षी पोलंडमध्ये त्यांचं पुस्तक निघालं. २८ एप्रिल २०१० रोजी रशियाच्या अभिलेखागाराने मूळ कागदांची छायाचित्रं इंटरनेटवर ठेवली. कातिनला श्रद्धांजली वाहायला निघालेले पोलंडचे राष्ट्राध्यक्ष कचिन्स्की विमान अपघातात गेले, त्याला तेव्हा अठराच दिवस झाले होते.

ते कागद मी आमच्या ग्रंथालयाच्या संगणकावर पाहिले. रशियन मला येत नाही. इंग्रजी भाषांतर शेजारी ठेवून एकेक ओळ लावत गेले. मार्च १९४० चं बेरियाचं टिपण. छावण्यांतले १४,७०० आणि तुरुंगांतले ११,००० यांना गोळ्या घालाव्यात, आरोपींना समोर न बोलावता, आरोपपत्र न देता. पहिल्या पानावर मजकुरावरूनच तिरक्या सह्या आहेत: स्टालिन, वोरोशिलोव, मोलोतोव, मिकोयान. कालिनिन आणि कागानोविच हजर नव्हते, त्यांची ‘अनुकूल’ मतं समासात लिहून घेतली आहेत. आमच्या ग्रामपंचायतीच्या ठरावालाही यापेक्षा जास्त चर्चा होते.

पण मला जास्त भीती वाटली ती दुसऱ्या कागदाची. ३ मार्च १९५९, शेलेपिनने क्रुश्चेव्हला पाठवलेलं पत्र, हाताने लिहिलेलं, अक्षर सुरेख. एकूण २१,८५७ माणसं मारली, हा हिशेब त्यात आहे. पुढे तो सुचवतो की त्यांच्या वैयक्तिक फायली आता जाळून टाकाव्यात, त्यांना ऐतिहासिक मूल्य नाही, आणि एखाद्या अनपेक्षित प्रसंगाने प्रकरण उघडकीला यायचं. एकवीस हजार माणसं आधीच मारलेली होती. आता त्यांच्या फायलीही मारायच्या होत्या.

हे वाचताना मला बाबा आठवले. गेल्या वर्षी माझ्या दाखल्यासाठी बाबा पणजोबांची शाळेतली नोंद शोधत होते. चार खेपा झाल्या. शेवटी उत्तर मिळालं, “त्या सालाचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं.” बाबा घरी येऊन म्हणाले, “म्हणजे आपला आजा जन्मलाच न्हाई म्हणायचा.” वाळवी आणि शेलेपिन यांची तुलना होत नाही, हे मला कळतं. पण नोंद नसलेल्या माणसाच्या घरच्यांना काय वाटतं, ते मी त्या दिवशी बाबांच्या तोंडावर पाहिलं होतं.

सगळे कागद उघडले असंही नाही. शेलेपिनच्या हिशेबात तुरुंगांत मारलेले ७,३०५ आहेत. त्यांपैकी ३,४३५ जणांची यादी १९९४ मध्ये युक्रेनने पोलंडला दिली. उरलेल्या ३,८७० जणांची, जिला ‘बेलारूसची यादी’ म्हणतात ती, सापडलेली नाही. रशियाच्या लष्करी सरकारी वकिलांनी या प्रकरणाचे १८३ खंड जमवले आणि २००४ मध्ये तपास बंद केला. तो का बंद केला, हा निर्णयही गुप्त ठेवला. ओस्ताश्कोवच्या कैद्यांना ज्या इमारतीत मारलं, ती कालिनिन, म्हणजे आजच्या त्वेर शहरात आहे. तिच्यावरच्या स्मृतिपाट्या मे २०२० मध्ये काढून टाकल्या. ‘मेमोरियल’ या रशियन संस्थेने त्या कैद्यांची नावं शोधून २०१९ मध्ये ग्रंथ छापला होता. ती संस्था बंद करण्याचा आदेश २८ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने दिला. मारणारे रशियन होते असं आपण सहज म्हणतो, तेव्हा ही नावं शोधणारेही रशियनच होते हे मला लिहून ठेवावंसं वाटतं.

मागच्या रविवारी मी आजीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तीन छावण्या, जंगल, पाकीट, सह्या… मध्येच ती म्हणाली, “कागद कवा भायेर आला म्हणलीस?”

“ब्याण्णव साली.”

तिने बोटांवर हिशेब केला. “चव्वेचाळीस वर्सं झालती त्यास्नी हितनं जाऊन.” मग बराच वेळ ती काही बोलली नाही. सूप बाजूला ठेवून म्हणाली, “त्या यादीत बघ की गं. त्या फोटूतल्या माणसाचं नाव हाय का?”

“आजी, त्या बाईचं नाव काय होतं?”

“आमी बाईच म्हणायचो,” आजी म्हणाली.