टपावरचा तंबू

सेस्रीम, नामिबिया

प्रिय दादा,

आम्ही सुखरूप आहोत, आईला आधी तेवढं सांग.

विंडहुकला भाड्याने मिळालेल्या हायलक्सच्या टपावर तंबू बसवलेलाच होता. स्वतः गाडी चालवत हा देश बघणारे पुष्कळ जण अशीच गाडी घेतात. तू बोलेरोवर तसा तंबू बसवायचा म्हणतोयस आणि रक्कम लाखाच्या घरात जातेय, म्हणून मी तो तुझ्या नजरेने वापरतोय.

उघडणं सोपं आहे. धुळीने माखलेल्या कव्हरची चेन काढायची, पट्टे सोडायचे आणि शिडी धरून खाली ओढायची. अर्धा तंबू गाडीबाहेर उलगडतो आणि त्याच शिडीवर टेकतो. गादी आतच असते. दहा मिनिटांत झोपायची सोय होते.

खरी परीक्षा पहाटे. सोसुसफ्लेच्या लाल टेकड्या इथून साठेक किलोमीटर आत, त्यातले शेवटचे पाचेक किलोमीटर निव्वळ वाळू. कॅम्पात मुक्काम असला की आतलं फाटक सूर्योदयाच्या तासभर आधी उघडतं, त्यासाठीच तर लोक इथे राहतात. पण गाडी न्यायची तर तंबू मिटायलाच हवा. अंधारात, डोक्याला टॉर्च बांधून, टायरवर चढून एक जण कॅनव्हास आत कोंबतोय आणि दुसरा पट्टा आवळतोय, असं आमचं चाललं होतं. शेजारच्या जोडप्याचा साधा तंबू जमिनीवर होता. त्यांनी त्याची चेन लावली आणि गाडी काढली. तिथल्या डेडफ्लेला शेकडो वर्षांपूर्वी वाळलेली झाडं पांढऱ्या मातीत अजून उभी आहेत, त्यांच्यावर पहिलं ऊन आलं तेव्हा आम्ही तिथे होतो. धावतपळत का होईना, पोहोचलो.

तुझा,
धाकटा


स्पिट्झकॉप

प्रिय दादा,

आज बरोबर उलटं लिहितोय. इथे सगळा ग्रॅनाइट. घरांएवढे गुळगुळीत तांबूस धोंडे आणि मधे खडीसारखी कडक जमीन. साध्या तंबूची मेख ठोकायला गेलास तर ती वाकेल. आम्ही गाडी त्यातल्या त्यात सपाट जागी लावली, पुढच्या एका चाकाखाली दगड घातला आणि काम झालं. विंचवाची धास्ती नाही, की रात्री पाठीला खडे टोचणं नाही.

हा देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आणि लोकवस्ती जेमतेम ३० लाख. गाव सोडलं की तासन्‌तास कच्चा रस्ता, आणि जवळपास रोज नवा मुक्काम. अशा फिरण्यात हा तंबू भाड्याची पैन्‌पै वसूल करतो, यात मला शंका नाही. वारा मात्र त्याला सोसत नाही. काल रात्री बाहेरचं कापड इतकं फडफडत होतं की बराच वेळ डोळा लागला नाही. जमिनीवरचा तंबू धोंड्याच्या आडोशाला सरकवता आला असता. शिवाय हिवाळ्यातल्या वाळवंटाची थंडी पातळ कापडातून थेट आत येते.

तुझा,
धाकटा


ओकाउकुएयो, एटोशा

प्रिय दादा,

सिंहांपासून बचाव म्हणून वर झोपतात, असं तुला कुणीतरी सांगितलं होतं. इथल्या कॅम्पाला कुंपण आहे, सिंह बाहेरच. आत फिरतात ते कोल्हे, आणि ते खरकटं सोडत नाहीत. कुंपणालगतच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात. काल तिथे एक काळा गेंडा पाणी प्यायला आला आणि आम्ही श्वास रोखून बघत राहिलो. त्या एका पाणवठ्यासाठी हा सगळा प्रवास पुन्हा करीन.

आता तुझ्या खरेदीचं. आधी गाडीचं मॅन्युअल काढ आणि चालत्या गाडीच्या टपावर किती वजन चालतं ते बघ. असे तंबू बहुधा पन्नास ते ऐंशी किलोंचे, वर कॅरिअरचं वजन वेगळं. उभी गाडी त्याच्या कितीतरी पट पेलते, म्हणून आत माणसं झोपली तरी चालतं. पण आंबा घाटाच्या वळणांवर तोच भार गाडीला बाहेर खेचणार, आणि डिझेलही जास्त जाणार. भिजलेला तंबू मिटून ठेवला तर बुरशी धरतो. कोकणातल्या पावसातून परत आल्यावर तुझ्या फ्लॅटमध्ये तो वाळवणार कुठे?

आणि आई. वर चढायला शिडी उभी असते, रात्री बाथरूमसाठी उतरायचं तर अंधारात पाय चाचपत उतरावं लागतं. तिच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही, आणि तिला हॉटेलात ठेवून तुम्ही टपावर झोपाल असं मला वाटत नाही. कोकणात जागोजागी घरगुती खोल्या मिळतात, तुमच्या सहली वर्षातून दोन-तीन, त्याही एकाच ठिकाणी मुक्काम ठोकून. फिरायला गाडी हवी तर रोज तंबू मोडावा लागेल.

तेव्हा माझं स्पष्ट मत: विकत घेऊ नकोस. स्पितीला महिनाभर जायचं ठरलं तर बसवलेल्या तंबूसकट गाडी भाड्याने घेऊ, मीही येतो. तोवर जमिनीवरचा एक चांगला, चौघांचा तंबू आणि जाड गाद्या घे. उरलेल्या पैशात गाडीचे चारही टायर बदल, ते गुळगुळीत झालेत.

तुझा,
धाकटा