चौघांचें गाणें

गायक-वादकांच्या एखाद्या मंडळीवर वर्षानुवर्षें प्रेम करणाऱ्या रसिकाला केव्हां ना केव्हां एक अवघड प्रश्न विचारला जातो: मंडळी फुटली, आतां तुम्ही कोणाच्या बाजूचे? १९१३ सालीं बालगंधर्व किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडले, तेव्हां आपल्याकडील नाट्यरसिकांनाही या प्रश्नानें गांठलें असेल. आमच्या वांट्याला तो ‘पिंक फ्लॉइड’ या इंग्रज रॉक मंडळीच्या निमित्तानें आला. रॉजर वॉटर्सचे शब्द श्रेष्ठ कीं डेव्हिड गिल्मूरची गिटार श्रेष्ठ, या वादांत आमच्या मित्रांनीं चहाचे किती पेले रिचविले याची गणती नाहीं. आम्हीं मात्र त्यांत कधीं पक्ष घेतला नाहीं. आणि तो भिडेपोटीं नव्हे.

या मंडळीशीं आमचा परिचय झाला तो ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या १९७३ सालच्या संग्रहामुळें. तो कॅसेटच्या रूपानें आमच्या हातीं आला. आरंभीं हृदयाचे ठोके, शेवटींही तेच. मध्यें काळ, पैसा, मरण आणि वेड यांविषयींचीं गाणीं एकांत एक मिसळलेलीं. पहिली बाजू संपतां संपतां क्लेअर टॉरी ही गायिका एकही शब्द न उच्चारतां गाते. इंग्रजी गाण्याला आरडाओरडा म्हणणारे आमचे आजोबाही तें ऐकून क्षणभर थांबले, आणि “ही बाई कांहीं तरी आळवते आहे खरी,” एवढें बोलून आंत गेले. त्यांच्याकडून यापेक्षां मोठी दाद कोणाला मिळाल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं.

मंडळीचा इतिहास आम्हीं पुढें वाचला. १९६५ सालीं ती लंडनमध्यें उभी राहिली. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांच्या नांवांतून तिचें नांव जुळविलें तें सिड बॅरेटनें. पहिल्या संग्रहांतील बहुतेक गाणीं त्याचींच. परंतु त्याचें मन ढळत गेलें, आणि १९६८ सालीं त्याला मंडळी सोडावी लागली. त्याच्या जागीं आला तो त्याचाच केंब्रिजचा मित्र गिल्मूर. १९७५ च्या जूनमध्यें मंडळी ॲबी रोडच्या ध्वनिमुद्रणगृहांत होती. बॅरेटलाच उद्देशून रचलेल्या एका दीर्घ गीताचें काम चाललें असतां डोकें आणि भुवया भादरलेला एक स्थूल मनुष्य आंत आला. बराच वेळ त्याला कोणीं ओळखलें नाहीं. तो बॅरेट होता! ज्याला हांक मारावी तो दारांत येऊन उभा राहावा, आणि हांक मारणाऱ्यांनीं त्याला ओळखूं नये, याहून करुण तें काय असावें?

१९८५ सालीं वॉटर्स बाहेर पडला. मंडळीच्या नांवावरून कज्जा झाला. १९८७ अखेर तो मिटला. दोन्ही पक्ष गातच राहिले. फेब्रुवारी २००७ मध्यें वॉटर्सनें मुंबईंत ‘डार्क साइड’ सबंध सादर केला, तेव्हां आम्ही त्या गर्दींत होतों. सूर न सूर जागच्या जागीं होता. तरी गिटारीची जागा आली कीं कान दुसऱ्याच बोटांची वाट पाहत. उलट, वॉटर्सवांचून निघालेल्या संग्रहांत माधुर्य पुष्कळ, परंतु बोचणारा शब्द शोधावा लागतो. आम्हीं ज्यावर प्रेम केलें तें यांपैकीं कोणा एकाच्या मालकीचें नव्हतेंच. तें त्यांच्या परस्परांशीं होणाऱ्या घर्षणांत होतें.

२ जुलै २००५ रोजीं लंडनच्या हाइड पार्कमध्यें वॉटर्स, गिल्मूर, निक मेसन आणि रिचर्ड राइट हे चौघे चोवीस वर्षांनंतर एकत्र उभे राहिले. चार गाणीं झालीं. गिल्मूर निरोप घेऊन निघाला होता. वॉटर्सनें त्याला खुणेनें बोलाविलें, आणि चौघांनीं एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकले. पडद्यावर तें पाहतांना आम्हां मित्रांपैकीं कोणीं वाद घातला नाहीं. पुढल्याच वर्षीं बॅरेट गेला. २००८ सालीं राइट गेला. ते चौघे आतां पुनः जमणें नाहीं.

आजही कोणीं आम्हांला पक्ष विचारला, तर आम्ही त्याला पहिल्या बाजूचें तें शेवटचें गाणें ऐकवितों. त्याची चाल राइटची, ज्याच्या बाजूनें आजवर कोणीं भांडल्याचें आम्हांस आठवत नाहीं; आणि त्यांतला आवाज तर चौघांपैकीं कोणाचाच नाहीं.